गोधडीतली पुष्पाबाई

आमच्या धुळ्याच्या देवपुरातल्या गल्लीत गजर लावून कुणी झोपत नाही. सकाळी पुष्पाबाई ओट्यावर येतात आणि समोरच्या घरातल्या पुनमला हाक मारतात, "उठनी का वं मुडदी? तुना मुडदा बशी जावो, दूधवाला बोंबली बोंबली गया!"

मुडदा म्हणजे प्रेत. नुकत्याच जाग्या झालेल्या, चांगल्या धडधाकट बाईला सकाळच्या पहिल्या वाक्यात प्रेत म्हटलं जातं आणि ती बाई खिडकीतून हसून म्हणते, "उठनू ना अक्का!" माझा पुण्याचा मेहुणा पहिल्यांदा आला तेव्हा त्याने चहा घेता घेता मला हळूच विचारलं होतं की इथून पोलीस चौकी किती लांब आहे. त्याला कसं सांगणार, की आमच्याकडे शिवी हे काळजीचं माप आहे? काळजी जेवढी जास्त, तेवढा मुडदा लांबतो. पुनमला टायफॉइड झाला होता तेव्हा पुष्पाबाईंचा मुडदा पांझरेच्या पुलापर्यंत ऐकू जात होता आणि दवाखान्यात डबाही त्याच नेत होत्या.

आम्हाला भीती वाटते ती दुसऱ्याच शब्दाची. तो शब्द म्हणजे 'आपण'. मोठ्या माणसाला 'तुम्ही' म्हणतात, ते ठीक. पण रोज अरे-तुरे करणारा माणूस एकाएकी आवाज खाली आणून "आपण जरा बसा" म्हणाला, की शहाणा माणूस बसत नाही, चपला शोधतो. भाऊबंदकीत बोलणं 'आपण'वर आलं, म्हणजे वकील ठरलेला असतो. पुष्पाबाईंनी उभ्या जन्मात हा शब्द एकदाच वापरला होता. एका लग्नाच्या पंगतीत त्या आपल्या नंदोयांना, म्हणजे नणंदेच्या नवऱ्याला, म्हणाल्या, "आपण जेवून घ्या." नंदोई पानावरून उठले ते थेट बसस्टँडवर गेले. त्यानंतर ते धुळ्यात दिसलेले नाहीत. नेमकं काय झालं होतं ते विचारायची आमची कुणाची छाती नाही.

तर अशा बाईंना एका कंपनीने ऑनलाइन काम दिलं. कंपनी कुठली, कुणालाच माहीत नाही. तिला शटर नाही, पाटी नाही, बाहेर स्टुलावर बसलेला वॉचमनही नाही. जे काही आहे ते मोबाइलमध्ये. हेडफोन लावायचा, लोकांची बोलणी ऐकायची आणि प्रत्येक बोलण्याखाली एक बटण दाबायचं: माया, राग, धमकी किंवा थट्टा. यंत्राला माणसांचं बोलणं समजावं म्हणून हा उद्योग. पुष्पाबाई आयुष्यभर गल्लीतली बोलणी फुकट ऐकत आल्या होत्या, आता त्याचं काम झालं एवढाच फरक.

पहिल्याच आठवड्यात कंपनीने विचारलं, "आपण 'मुडदा' या शब्दाखाली वारंवार 'माया' निवडले आहे. कृपया खात्री करावी."

पुष्पाबाईंनी मोबाइल तोंडासमोर धरून उत्तर रेकॉर्ड केलं, "अरे बावळट, ती माय शे ना! पोऱ्याले जेवाले बलाई राहिनी. हाई धमकी नही, हाई माया शे! माले शिकाडस का, तुना मुडदा बशी जावो!" आणि या उत्तराखालीही त्यांनी स्वतःच 'माया' दाबलं.

कंपनी खूश झाली. तिने त्यांना मोठं काम दिलं. आता पुष्पाबाईंनी वाक्यं वाचायची होती. खानदेशी वाक्यं, साधी मराठी वाक्यं, हसून, रागावून, समजावून. आवाज स्वच्छ हवा, बाहेरचा आवाज आत नको. आमच्या गल्लीत कुकर, कुत्री आणि भंगारवाला यांच्यामधून स्वच्छ आवाज काढायचा म्हणजे एकच उपाय होता. पुष्पाबाईंनी पंखा बंद केला, मोबाइलची घंटी बंद केली, माजघरात पाटावर बसल्या आणि डोक्यावरून गोधडी घेतली. बाहेर धुळ्याचा एप्रिल. गोधडीचा घामाने निथळलेला डोंगर सांगत होता, "आपले स्वागत आहे. आपण काळजी करू नका. आम्ही आपल्या सेवेत आहोत."

मी दारातून म्हणालो, "काय पुष्पाबाई, 'आपण' म्हणताय? कुणावर खटला भरला?"

गोधडी उघडली. लालबुंद चेहरा बाहेर आला. "भाऊ, कागदावर लिहेल शे म्हनीसन वाचस मी. मना मनमा नही. पन हाई कंपनी इतलं गोड काब्र बोलस रे? 'आपण' म्हनी राहिनी म्हंजे कोठेतरी खड्डा खंदी ठेयेल शे."

मी हसलो. सुकदेवभाऊ हसले नाहीत. सुकदेवभाऊ म्हणजे पुष्पाबाईंचे यजमान. नरडाण्याच्या एका गिरणीत यंत्रांच्या आवाजात राहून त्यांचे कान मंदावले आहेत. गल्लीतलं त्यांना काही ऐकू येत नाही, बायकोचा आवाज तेवढा स्पष्ट ऐकू येतो. ते त्या दिवशी गोधडीकडे बघत एवढंच म्हणाले, "घरमा दुसरी बाई बोलस असं वाटस माले."

हे काम करणाऱ्या बायका हळूहळू वाढल्या. पुनम झाली, शेजारच्या गल्लीतल्या दोघी-तिघी झाल्या, मग शिरपूर, अमळनेर करत पार वरणगावपर्यंत साखळी पोचली. या बायकांनी एकमेकींना पाहिलेलं नव्हतं. फोनवरचा आवाज हीच ओळख. कंपनीच्या ॲपमध्ये अडचणीसाठी 'सपोर्ट' नावाचं बटण होतं. ते दाबलं की अक्षरं यायची, "आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. कृपया प्रतीक्षा करा." बायका प्रतीक्षा करायच्या आणि मग पुष्पाबाईंना फोन लावायच्या. खरा सपोर्ट तो होता. बायका त्याला 'सपोट' म्हणत. पुष्पाबाई आधी भरपूर शिव्या द्यायच्या, मग कोणतं बटण दाबायचं, काम का नाकारलं गेलं, गोधडी कशी पांघरायची ते सांगायच्या.

एकदा पुनमचा आयडी कारण न देता बंद झाला. पुष्पाबाईंनी सगळ्यांना आवाजी निरोप पाठवला, "एकनं बंद, ते बठ्ठासनं बंद!" बायकांनी त्या दिवसापासून काम थांबवलं. एकीनेही बटण दाबलं नाही. कंपनीला खानदेशी कळणारं दुसरं कुणी मिळेना. पुनमचा आयडी सुरू झाला. गल्लीत शेवभाजीची पंगत झाली. पुष्पाबाईंनी वाढताना प्रत्येकीच्या सात पिढ्यांचे मुडदे बसवले. आम्ही सगळे तिखटाने आणि आनंदाने रडत होतो.

त्यानंतर कंपनीकडून पुष्पाबाईंना एक निरोप आला. "आपल्या नेतृत्वगुणांचे आम्हाला कौतुक वाटते." पुष्पाबाईंनी तो मला दाखवला आणि फोन पालथा ठेवून दिला. त्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मग दिपमालाचं प्रकरण झालं.

दिपमाला वरणगावची. धुळ्यात दिली होती, पण नवऱ्याचा हात उठायला लागला तशी लहान मुलीला घेऊन माहेरी परत गेली. भाऊ हेमराज तसा चांगला, पण भावजयीच्या घरात मागच्या खोलीत राहायचं तर स्वतःच्या हातात काम हवं. ते काम पुष्पाबाईंनी तिला शिकवलं होतं, फोनवर, ओळ न ओळ. "काम शे तोपर्यंत तुले कोनी धुळाले धाडाव नही," असा शब्दही दिला होता. दिपमालाचा आवाज मात्र पुष्पाबाईंच्या अगदी उलट. बारीक, गोड, ऐकणाऱ्याने जवळ सरकावं असा.

त्या आवाजावर कंपनीचा डोळा होता. तिला वाक्यं वाचायचं मोठं काम आलं, आणि तिने पुष्पाबाईंना विचारलं. पुष्पाबाई म्हणाल्या, "थांब. माले बी मना आवाज कोठे गया ते कळू दे, मंग वाच." दिपमालाने नकार कळवला. काही दिवसांनी तिचा आयडी बंद झाला. कारण लिहिलं होतं, "आवाजाची पडताळणी अपूर्ण."

तिने सपोर्टचं बटण दाबलं. या वेळी अक्षरं आली नाहीत. खानदेशातल्या बायकांसाठी बोलणारी नवी सेवा सुरू झाली होती. फोन लागला आणि पलीकडून आवाज आला, "ताई, आपला आयडी बंद करण्यात आला आहे. आपण वाक्यं वाचून दिली, तर तो सुरू होऊ शकेल. आपण काळजी करू नका."

आवाज पुष्पाबाईंचा होता.

दिपमालाने फोन ठेवला आणि त्यानंतर पुष्पाबाईंचा एकही फोन उचलला नाही. पुनमला तिने एवढंच कळवलं, "अक्का कंपनीत गेली. मले 'आपण' म्हनली ती."

पुनम धावत आली. ओट्यावर पुष्पाबाई परातीत कळण्याच्या भाकरीचं पीठ मळत होत्या. पुनमने सपोर्टचं बटण दाबून मोबाइल स्पीकरवर ठेवला. मी आणि सुकदेवभाऊ पायरीवर बसलो होतो.

"नमस्कार. आमच्या सेवेत आपले स्वागत आहे," मोबाइल म्हणाला.

सुकदेवभाऊंनी मान वर केली. मोबाइलकडे बघितलं. मग पुष्पाबाईंकडे बघितलं. त्यांचं तोंड बंद होतं आणि हात पिठात होते. सुकदेवभाऊ जागेवरून थोडे मागे सरकले. गल्लीतला कुठलाच आवाज ज्यांच्या कानात शिरत नाही, त्यांना हा पहिल्या शब्दापासून ऐकू आला होता.

पुष्पाबाई मोबाइलवर वाकल्या. "कोन शे वं तू?"

"मी आपली सहायक आहे. मी आपली काय मदत करू?"

"मना गळामा काय करी राहिनी तू? निंघ बाहेर! तुना मुडदा बशी जावो!"

मोबाइल त्याच गळ्याने, त्याच त्यांच्या खरखरीत 'र'ने, शांतपणे म्हणाला, "आपल्या भावना आम्ही समजू शकतो. हे संभाषण गुणवत्तेसाठी नोंदवले जात आहे."

मी विनोदी लिहिणारा माणूस. कुठेही काहीतरी सुचतंच. तिथे काही सुचलं नाही. पुष्पाबाईंनी मोबाइल बंद केला तर त्यावर पिठाची बोटं उमटली, आणि त्या ती पदराने पुसत राहिल्या, पुसत राहिल्या.

शेवटी त्या म्हणाल्या, "भाऊ, वरणगाव जानं शे. फोनवर मी कितली बी बोलनू, ती कसं वळखाव?"

धुळ्याहून जळगाव, जळगावहून भुसावळ, पुढे वरणगाव. एरवी बसमध्ये पुष्पाबाई कंडक्टरपासून कोंबडीवाल्यापर्यंत सगळ्यांची वास्तपुस्त करतात. त्या दिवशी खिडकीबाहेर केळीच्या बागा जात राहिल्या आणि बाई तोंडावर पदर धरून बसल्या. मी विचारलं, "बरं वाटत नाही का?" त्यांनी पदराआडून उत्तर दिलं, "बोलूशी वाटत नही. काय ठाव, कोनी ऐकी राहिनं ते." बसमध्ये शेजारी एका म्हाताऱ्याच्या मांडीवर मोबाइल होता. तो झोपला होता. मोबाइलची लाइट चालू होती.

दिपमालाच्या मागच्या खोलीचं दार बंद होतं. आतून बारीक आवाज आला, "कोन?"

"मी शे."

दार उघडलं नाही. "कोनती?"

हा प्रश्न मी यापूर्वी कुणालाही विचारलेला ऐकला नव्हता. पुष्पाबाईंनी मोठा श्वास घेतला आणि बसमध्ये साठवलेलं सगळं बाहेर काढलं. "उघड दार मुडदी! ऊनमा उभी शे मी, मनं डोकं फुटी राहिनं! तुनी खाट उचलो, तुले मरीमाय लई जावो, इतली लांबथीन उनू ते 'कोनती' म्हनी राहिनी? जेवनी तरी का सकायपासून?"

कडी निघाली. दिपमाला पुष्पाबाईंच्या गळ्यात पडून रडायला लागली. "तूच हाये अक्का. तूच हाये."

तिथेच, केळीच्या वेफरचं ताट मधे ठेवून, नियम ठरला. यंत्राला फक्त गोड बोलता येतं, शिवी देता येत नाही. म्हणून फोन आला की आधी शिवी ऐकायची. शिवी दिली तर अक्का खरी, 'आपण' म्हणाली तर खोटी. पुष्पाबाईंनी प्रत्येकीला स्वतः फोन करून, मुडद्यासकट, निरोप दिला. दिपमालाचा आयडी सुरू होईपर्यंत बठ्ठं काम बंद. आणि एकीनेही वाक्यं वाचायची नाहीत. "मना आवाज गया ते गया. दिपमालाना जावाले नको. तिना आवाज घेतला, म्हंजे तिना आयडी बी कसाले लागी त्यासले?"

परत येताना पुष्पाबाई पुन्हा बोलायला लागल्या. जळगावच्या स्टँडवर त्यांनी चहावाल्याला झापलं. मला हायसं वाटलं. यंत्राला हरवायला आपल्या शिव्या पुरे पडल्या, अशी एक झकास गंमत मी मनात लिहायलाही घेतली होती.

काम बंद राहिलं. कंपनीकडून काही उत्तर नाही. तक्रार नाही, विनवणी नाही. पुनमचा आयडी बंद झाला होता तेव्हा दिवसभर निरोप यायचे. या वेळी ॲप उघडलं की कोऱ्या पांढऱ्या पडद्यावर एकच ओळ दिसायची, "सुधारणा सुरू आहे." पुष्पाबाई रोज उघडून बघायच्या आणि रोज जास्त गप्प व्हायच्या.

त्या सकाळी पुष्पाबाई उशिरा ओट्यावर आल्या. पुनम आधीच उठून, केस विंचरून, हेडफोन लावून खिडकीत बसली होती. बोटं चालू होती. ती काम करत होती.

"काय करी राहिनी वं?" पुष्पाबाईंनी विचारलं.

"तूच ते सांगं अक्का!" पुनम हसली. "सकायमा फोन करा ना तू. 'ऊठ मुडदी, दिपमालानं काम सुरू व्हयनं, तू बी लाग.' कितल्या शिव्या दिन्या! माले ते बरं वाटनं, मी म्हनं अक्काना राग गया."

पुष्पाबाईंनी ओट्याच्या खांबाला हात लावला. मग त्यांनी एकेकीला फोन लावला. शिरपूरची काम करत होती. अमळनेरची काम करत होती. सगळ्यांना पहाटे फोन गेला होता. सगळ्यांना आधी शिवी मिळाली होती.

"भाऊ," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कोनी शिकाडं तिले?"

मला उत्तर माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. 'मुडदा' या शब्दाखाली कोणतं बटण दाबायचं ते कंपनीला कुणी सांगितलं होतं? शिवी कधी द्यायची, कुणाला द्यायची, किती लांबवायची आणि शेवटी "जेवनी का" कसं विचारायचं, हे सगळं बाईंनी हेडफोन लावून, घाम पुसत, जीव ओतून शिकवलं होतं. प्रत्येकाखाली त्यांनी 'माया' दाबलं होतं. आणि जे थोडं उरलं होतं ते ओट्यावर परातीजवळ, पीठ मळता मळता, गुणवत्तेसाठी नोंदवून दिलं होतं.

आता दिपमाला उरली होती. पुष्पाबाई तिला फोन लावणार, तेवढ्यात त्यांच्याच हातातला मोबाइल वाजला. त्यांनी उचलला.

"काय वं मुडदी," मोबाइलमधून पुष्पाबाई म्हणाल्या, "जेवनी का? किती वाळी गयी तू! काय इतली काळजी करस, तुना मुडदा बशी जावो!"

आवाजात इतकी माया होती, की मीच 'जेवलो' म्हणणार होतो. माझ्या आईने मला असंच म्हटलं असतं.

खऱ्या पुष्पाबाई उभ्या होत्या. त्यांनी पदर नीट केला. माझ्याकडे वळल्या आणि इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा, हळू, स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "भाऊ, आपण जरा बाहेर बसता का?"

मी वळून बघितलं तर सुकदेवभाऊ माझ्याआधी चपला घालून पायरीखाली उतरले होते. त्यांना नीट ऐकू आलं होतं. पुष्पाबाई मोबाइल घेऊन आत गेल्या आणि दार लोटलं. आतून दोन आवाज यायला लागले, दोन्ही एकाच गळ्याचे.

"आपण कोण बोलता आहात?" एक म्हणाला.

"तुनी माय बोलस! भाकरी टाक, मंग सांगस!" दुसरा म्हणाला.

"आपण माझ्या घरातून निघून जावं, हे मी आपल्याला शेवटचं सांगते आहे."

"आते गोडी लावी राहिनी का मुडदी? ये, मना जवळ बठ!"

माझ्या खिशातला फोन वाजला. दिपमाला होती.

"भाऊ, अक्का घरी हाये का? तिचा फोन आला व्हता आत्ताच. म्हने कंपनी नमली, तुह्यं काम सुरू. फक्त तेवढी वाक्यं वाचून दे म्हने, आता भ्यायचं काम नाई. खरंच ना भाऊ?"

"दिपमाला, नको!" मी ओरडलो. "ती अक्का नव्हती. एकही वाक्य वाचू नकोस. खरी अक्का इथं आत आहे."

"आत? ऐकू दे बरं."

काय करायचं ते न सुचून मी मोबाइल दाराकडे धरला. तसं करायला नको होतं, हे पुढच्या क्षणी कळलं. दारातून एक थंड, शुद्ध, जिवावर उठलेला आवाज म्हणत होता, "आपण थांबा. आपण आता बघाच." आणि दुसरा कळवळून विचारत होता, "जेवनी का वं मुडदी?"

पलीकडे दिपमाला मोकळं हसली.

"काय भाऊ, घाबरावलं ना तुम्ही मले! 'आपण' म्हनते ती खोटी आन् शिव्या देते ती अक्का, तिनंच तर शिकवलं व्हतं. देऊ राह्यली ना ती शिव्या? मंग बस. तिनं सांगलं तसंच करते मी."

"दिपमाला, ऐक, ती—"

"पोरगी झोपेल हाये तोपर्यंत उरकते. गोधडी घेतली मी डोक्यावर. ठेवते भाऊ."

मी लगेच परत फोन लावला. घंटा जात राहिली, उचलायला कुणी नव्हतं. गोधडीत बसण्याआधी मोबाइलची घंटी बंद करायची असते, तेही तिला पुष्पाबाईंनीच शिकवलं होतं.